गावातल्या दोघांचं प्रेम लिहिताना: वाचकांचे प्रश्न

दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या प्रेमावर कथा लिहिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या खेपेस आली, आणि त्यातली बहुतेक विदर्भातल्या खेड्यांतून. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत, फक्त तालुका किंवा जिल्हा दिला आहे.

प्रश्न : माझ्या कथेतला नायक संत्राबागायतदाराचा मुलगा आहे. त्याचा प्रियकर संत्र्याच्या कोटिंग सेंटरवर (जिथे फळं धुऊन त्यांवर मेणाचा थर देतात) हिशेब लिहितो. शहरातल्या कथांत कॅफे असतात, भाड्याच्या खोल्या असतात. आमच्याकडे यातलं काही नाही. दोघांना भेटवू कुठे? मित्र म्हणतो, खेड्यात हे शक्यच नाही. (वरुड तालुका)

शक्य आहे, आणि काही बाबतींत शहरापेक्षा सोपंही आहे. दोन तरुण एका खाटेवर झोपले, खांद्यावर हात टाकून बाजारात फिरले, एका ताटात जेवले, तरी गावात कुणाची मान वळत नाही. मान वळते ती रोजची रीत मोडल्यावर. ज्याचं त्या शिवारात वावरच (शेतच) नाही, त्याची मोटारसायकल आठवड्यात तिसऱ्यांदा एकाच धुऱ्यावर (बांधावर) उभी दिसली की बोलणं सुरू होतं. गावात माणसाआधी गाडी ओळखू येते. नवे लेखक दोघांना हात धरताना घाबरलेले दाखवतात आणि गाडी मात्र बिनधास्त रस्त्याला लावतात. प्रत्यक्षात भीती नेमकी उलट बाजूला असते.

तेव्हा आधी दोघांना एकत्र असण्याचं कारण द्या. तुमच्या कथेत ते तयारच आहे. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची) फळं साधारण सप्टेंबरपासून तोडायला येतात, मृगाची (जून-जुलैतल्या फुलांची) फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोड सुरू असताना सेंटरचा माणूस कॅरेट मोजायला बागेत आला तर कुणी विचारत नाही. तोड संपली की ते कारणही संपतं. म्हणजे विरह घडवायला तुम्हाला खलनायक लागत नाही, हंगामच तो घडवतो.

दुसरं कारण रात्रीचं ओलित, म्हणजे पिकाला पाणी देणं. कृषिपंपाची लाईन (वीज) वर्षानुवर्षं पाळीपाळीने येत आली आहे, कधी दिवसा 8 तास, कधी रात्री 10 तास. रात्रीच्या पाळीत एकट्या माणसाने सोबतीला मित्र नेणं ही अगदी साधी गोष्ट. पण दोन ठिकाणी लेखक चुकतात. एक, ज्या गावांत सौर फीडर (शेतीसाठी सौर विजेची वाहिनी) आला तिथे वीज दिवसा मिळू लागली आहे, म्हणून कथा कोणत्या वर्षी घडते ते आधी ठरवा. दोन, मृग बहार धरणारा बागायतदार उन्हाळ्यात झाडांना ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो. त्या महिन्यांत नायक ‘ओलिताले चाललो’ म्हणून घराबाहेर पडला, तर वरुडचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

आडोशाचंही तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरातली तूर माणसाच्या उंचीला येते, तिच्यात दोघं दिसत नाहीत. सोयाबीन गुडघ्याच्या वर फारसं जात नाही. कपाशी पुरेशी दाट असते, पण वेचणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वावरात बायका असतात, त्यामुळे तिथे दिवसा एकांत नाही. एप्रिल-मेमध्ये कोरडवाहू शिवार उघडं पडतं आणि कोसावरून माणूस दिसतो. पीक चुकलं की प्रेमप्रसंगही खोटा वाटतो, मग त्यातल्या भावना कितीही खऱ्या असोत. उन्हाळ्यात रोही (नीलगाय) आणि डुकरं हाकायला जागलीवर (रात्रीच्या राखणीला) कोण जातं, कुणाच्या वावरात त्या वेळी राखण करण्यासारखं काही उभं आहे, हे गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून घ्या.

दोघांची ओळख डेटिंग ॲपवर करून देणार असाल तर ॲप अंतर दाखवतं हे ध्यानात ठेवा. मुंबईत पहिलं प्रोफाइल काही मीटरवर असतं. खेड्यात ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावचं असतं, 30-40 किलोमीटरवरचं. आणि अंतर 2 किलोमीटर दिसलं तर आनंदाआधी धडकी भरते, कारण 2 किलोमीटरच्या आत सगळे ओळखीचे. चेहऱ्याचा फोटो जवळजवळ कुणी ठेवत नाही. खोटं प्रोफाइल करून भेटायला बोलवायचं, मारहाण करायची, व्हिडिओ काढून पैसे उकळायचे, असे प्रकार खरोखर घडतात. म्हणून सावध पात्र पहिली भेट बस स्टँडवर किंवा बाजाराच्या दिवशी ठेवतं, आणि आधी लांबून पाहून घेतं. ते लांबून पाहणं लिहा. एक अख्खं प्रकरण होईल इतकं त्यात आहे.

प्रश्न : माझी कथा दोन बायकांची आहे. दोघी एकाच वावरात कापूस वेचायला जातात, एकीचं लग्न झालेलं आहे. त्यांना एकांत मिळेल असं एकही ठिकाण मला सुचत नाही. (दारव्हा तालुका)

सुचत नाही, कारण खरंच नसतं. पुरुषाला रात्री घर सोडता येतं. बाईच्या प्रत्येक तासाचा हिशेब घरात कुणाजवळ तरी असतो. तेव्हा एकांत शोधण्यात पानं घालवू नका, गर्दीतली जवळीक लिहा.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि संध्याकाळी कापूस काट्यावर चढतो. दोघी शेजारच्या ओळींत असतील तर जी भरभर वेचते तिने हात आवरता घ्यायचा, म्हणजे दुसरी मागे पडणार नाही. बोलण्यात वेळ गेला त्या दिवशी वजन कमी भरतं, पैसे कमी येतात, आणि घरी सासू विचारते, ‘आज इतकाच?’ एवढ्या एका प्रश्नात तुमच्या कथेचा सगळा ताण मावतो. दव वाळल्यावर वेचणी लावली तर कापूस चांगला राहतो. जिथे मालक हे पाळतो तिथे सकाळी थोडा वेळ बायका धुऱ्यावर बसून असतात. एकमेकींचे केस विंचरणं, बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेल्या बोटांना तेल लावून देणं, लग्नघरी एका सतरंजीवर झोपणं, हे सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं आणि कुणाला दिसत नाही. दोघींपैकी एक कुमारी आणि वयाने लहान असेल तर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतच्या भुलाबाईच्या संध्याकाळी आहेत. बचत गटाची बैठक आहे, गटाच्या कामासाठी तालुक्याच्या बँकेत जाणं आहे. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागतं. हातात पैसा नसलेल्या पात्रासाठी हा फरक मोठा आहे, आणि तुमची कथा 2023 च्या आधीची असेल तर त्याच तिकिटासाठी तिला कारण आणि पैसे दोन्ही जमवावे लागतील.

फोन तिचा एकटीचा आहे असं गृहीत धरू नका. पोरगा त्याच्यावर गेम खेळतो, नवरा कॉलची यादी पाहतो. नंबर गटाच्या अध्यक्षबाईंच्या नावाने ठेवलेला असतो, आणि मेसेज वाचून लगेच पुसला जातो. प्रेमपत्र जपून ठेवणारी नायिका जुनी झाली. आजची पुसून टाकते आणि पाठ करते.

दोघी घर सोडणार असतील तर पोलीस ठाण्याचा प्रसंग नीट लिहा. घरचे बेपत्ता झाल्याची तक्रार देतात, कधी दुसरीच्या घरच्यांवर पळवून नेल्याचा आरोप करतात. दोघी सज्ञान असतील तर ठाण्यात त्यांचा जबाब होतो, आणि मर्जीविरुद्ध त्यांना घरी पाठवण्याचा अधिकार कुणाला नाही. पण जबाब देताना बाप समोर बसलेला असतो, मामा बाहेर गाडीत असतो, आणि ‘एकदा घरी चल, मग बोलू’ असं सगळे म्हणतात. कायदा आणि दबाव दोन्ही एकाच खोलीत असतात. तिथे 377 कलमाखाली (समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं कलम) अटक दाखवली तर प्रसंग मोडतो.

आणि तिचा नवरा. त्याला दारुडा आणि मारकुटा करून टाकलं की लेखकाचं काम सोपं होतं, कारण मग तिचं जाणं सगळ्यांना पटतं. नवरा बरा माणूस असेल तर तिचं प्रेम स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं. आमचा कौल दुसऱ्या वाटेला.

प्रश्न : पात्रांनी स्वतःला ‘गे’ म्हणावं का? आणि संवाद वऱ्हाडीत लिहावेत की प्रमाण मराठीत? (दर्यापूर तालुका)

वीस-बावीस वर्षांचा, मोबाईल वापरणारा मुलगा ‘गे’ शब्द जाणतो, पण मोठ्याने म्हणेलच असं नाही. चाळिशीचा माणूस बहुधा स्वतःला कुठलंच नाव देत नाही. त्याच्या तोंडी ओळख आणि स्वीकार यांवरचं भाषण घालू नका. गावात वापरल्या जाणाऱ्या शिव्या पात्रांच्या तोंडी येऊ द्या, त्या टाळल्या तर गाव खोटं होतं. पण निवेदकाने त्या उचलू नयेत.

संवाद वऱ्हाडीतच लिहा. निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तरी चालतं, पण एकदा ठरवलं की शेवटपर्यंत पाळा. विनोदी पात्राला बोलीभाषा आणि प्रेमी जोडीला पुस्तकी भाषा, ही वाटणी फार दुखावणारी आहे. प्रेम वऱ्हाडीत उत्तम करता येतं:

‘काहून नाई आला बे काल?’
‘लाईन रातची होती ना. ओलित सोडून कसा येऊ?’
‘मले वाटलं रुसला.’
‘रुसलो असतो त आज आलो असतो काय?’

‘बे’ बरोबरीच्याला चालतो. जोडीदार पाच-सात वर्षांनी मोठा असेल तर चारचौघांत त्याला ‘भाऊ’च म्हणावं लागतं. एकांतात तो ‘भाऊ’ कधी गळतो, तो क्षण हेरून ठेवा. मात्र भंडाऱ्याच्या पात्राला वऱ्हाडी देऊ नका, तिकडे झाडीबोली आहे. गोंदियाकडच्या पोवार घरात पोवारी, गडचिरोलीतल्या गोंड घरात गोंडी. विदर्भाचे 11 जिल्हे एका सुरात बोलत नाहीत. साखरपुडाही लिहू नका, साक्षगंध लिहा.

बोलीबरोबर जातही येते. दोघांपैकी एक कुणबी आणि दुसरा बौद्ध वस्तीतला असेल, किंवा एक गावातला आणि दुसरी तांड्यावरची असेल, तर घरचे आधी कशावर भडकतील हे लेखकाला माहीत असायला हवं. पुष्कळदा जातीवरच. प्रेमकथेत आडनावं गाळून हा प्रश्न सुटत नाही.

प्रश्न : माझा नायक झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकात बाईची भूमिका करतो, हळूहळू तो पुरुषाच्या प्रेमात पडतो आणि शेवटी तृतीयपंथी होतो. बरोबर आहे का? (साकोली तालुका)

यात तीन वेगळ्या गोष्टी एका दोरीत ओवल्या आहेत, त्या सोडवा. दंडार किंवा खडी गंमत या लोकनाट्यांत बाईचं सोंग करणं ही कला आहे. ते करणारे कितीतरी जण बायकोपोरांचे संसारी पुरुष असतात. पुरुषावर प्रेम असणं ही दुसरी गोष्ट. आणि स्वतः बाई असल्याची जाणीव ही तिसरी. ती भूमिकेमुळे ‘होत’ नाही, आधीपासून असते. भूमिकेने तिला फार तर लुगडं नेसायची एक मान्य जागा मिळते. हा शेवटचा धागा तुम्हाला खरा वाटत असेल तर कथा त्याच पात्राची करा, आणि जाणीव लहानपणापासून दिसू द्या.

काळही बघा. आता झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्रीभूमिका बायकाच करतात. वडसा हे नाट्यमंडळ्यांचं केंद्र, आणि हंगाम दिवाळीनंतर, मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटांच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत सुरू होतो. पुरुषाने स्त्रीभूमिका करायची तर एक तर जुना काळ घ्या, नाही तर दंडार घ्या.

पात्र हिजडा समुदायात जाणार असेल तर गुरू-चेल्याचं नातं, बधाई (शुभप्रसंगी घरी जाऊन आशीर्वाद देणं), घराण्याचे नियम हे त्या समुदायातल्या माणसाकडून समजून घ्या. जोगती (यल्लम्मा देवीला वाहिलेले) इथे आणू नका, ती परंपरा कोल्हापूर-सौंदत्तीकडची. 2014 च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेची अट न घालता स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. म्हणून शस्त्रक्रियेशिवाय पात्र ‘पूर्ण’ होत नाही अशी मांडणी नको.

मराठी लेखकापुढे इथे एक अडचण येते. आपल्या क्रियापदाला लिंग आहे, ‘मी’ म्हणतानासुद्धा. पात्र मनात ‘मी गेली’ म्हणतं आणि बापासमोर ‘मी गेलो’. ही अडचण वापरून घ्या. निवेदकाने मात्र पहिल्या पानापासून तिला ‘ती’च म्हणावं. मध्येच ‘तो’ची ‘ती’ केली की निवेदकही गावाच्या बाजूचा होता असं ठरतं.

प्रश्न : शरीरसंबंध कितपत लिहावा? (नाव-गाव नाही)

कथेला हवा तितका. फक्त दोघंही सज्ञान हवेत, आणि दोघांची मर्जी पानावर दिसायला हवी. गावच्या मेडिकलमधून नायकाने कंडोम आणला असं लिहू नका. दुकानदार त्याच्या बापाला ओळखतो. आशाताईंकडे फुकट मिळतो, पण आशाताई शेजारच्या घरची सून असते. तो तालुक्याला जाऊन आणतो. एचआयव्हीची तपासणी ग्रामीण रुग्णालयातल्या केंद्रात मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवतात. धोका झाल्यावर घ्यायची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. एचआयव्ही हा प्रेमाचा दंड म्हणून कथेत आणू नका. औषधं नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. असा नायकही प्रेमकथेचा नायक होऊ शकतो.

प्रश्न : संपादक म्हणतात, खेड्यातल्या अशा कथेचा शेवट गोड केला तर तो खोटा वाटेल. एकाला तरी मरू द्या म्हणतात. (आर्णी तालुका)

मरू देऊ नका. प्रेमकथा या प्रकाराकडून वाचकाची अपेक्षाच मुळी आशेच्या शेवटाची असते. ई. एम. फॉर्स्टर यांनी 1913-14 मध्ये दोन पुरुषांच्या प्रेमाची ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहिली. शेवट सुखाचाच हवा यावर ते ठाम होते, आणि ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1971 मध्ये छापलं गेलं. शंभर वर्षांपूर्वी, कायदा विरोधात असताना ज्याला हे सुचलं, त्याच्या पुढे आपल्याला जायला हवं.

विदर्भावर लिहिताना लेखकाच्या हाताशी दोन मरणं तयार असतात, कर्जापायी शेतकऱ्याचं आणि बदनामीपायी प्रेमिकाचं. दोन्ही एका कथेत आली की दोन्ही दुःखं पुसट होतात.

गोड शेवट खरा वाटावा तर त्याला व्यवहाराचा पाया द्या. सोयरीक जमत नाही म्हणून तिशी-पस्तिशी ओलांडलेले शेतकरी आज गावोगाव आहेत. लग्न न झालेला पुरुष आता पूर्वीइतका डोळ्यावर येत नाही. त्याने मित्राला वावर बटईने (पिकाच्या वाट्यावर) दिलं, किंवा दोघांनी मिळून दुसऱ्याचं ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) केलं, तर एकत्र राहण्याला गावापुरतं कारण मिळालं. बायकांच्या जोडीला हे कारण मिळत नाही. त्यांचा सुखान्त बहुधा नोकरीतून येतो, नर्सिंग, अंगणवाडी, तालुक्यातली भाड्याची खोली.

कायद्याच्या तारखा चुकवू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना 377 मधून वगळलं, सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी तो निकाल फिरवला, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी घटनापीठाने हे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. 2015 मधलं पात्र कायद्याला भिऊ शकतं, 2019 मधलं त्या कारणाने नाही. लग्नाला मात्र मान्यता नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती द्यायला नकार दिला. म्हणून शेवटच्या पानावर नोंदणी कार्यालयात हार घालू नका. बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं; केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये तसं स्पष्ट केलं. मृत्युपत्र करता येतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. वडिलोपार्जित जमिनीत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, भावाचा नाही. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असलेला नायक ‘हे वावर तुझंच’ म्हणत असेल तर वाचक हसेल. आणि त्याने तहसीलच्या गावी दिवसभर खेटे घालून, दोन साक्षीदार गोळा करून आपला सव्वा एकराचा हिस्सा जोडीदाराच्या नावे लिहून ठेवला, तर त्या प्रसंगाला प्रेमाचा वेगळा उच्चार लागत नाही.

प्रश्न : मी स्वतः समलैंगिक नाही. लिहू का? लिहिलं तर कुणाला दाखवू? (हिंगणघाट तालुका)

लिहा. एकाला नाही, निदान दोघा-तिघांना दाखवा, आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या. वाचणारा समलैंगिक आहे एवढं पुरत नाही. पुण्यात वाढलेल्या मुलाला धुऱ्यावरच्या गाडीचा अर्थ लागणार नाही, म्हणून एक जण खेड्यातला हवा. बायकांची कथा असेल तर बाई हवी. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था या समुदायासोबत काम करते, तिथे विचारणा करता येते.

‘कथा कशी वाटली?’ असं विचारू नका, ‘चांगली आहे’ एवढंच उत्तर मिळेल. कोणत्या पानावर थांबावंसं वाटलं? कोणता संवाद तुम्ही कधीच म्हणणार नाही? या दोघांना हसताना तुम्ही कुठे पाहिलंत? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर कथेत छळ आहे, प्रेम नाही, आणि पुन्हा बसायला हवं.

एक काळजी छापण्याआधी घ्या. गोष्ट कुणाच्या खऱ्या आयुष्यावरून घेतली असेल तर नाव बदलणं पुरत नाही. दीड हजार वस्तीच्या गावात ‘कोटिंग सेंटरवर हिशेब लिहिणारा’ एवढ्याने माणूस ओळखू येतो. तालुका बदला, पीक बदला, त्याप्रमाणे हंगामही बदला, भावंडांची संख्या आणि गाडीचा रंग बदला. मग तो मजकूर त्या माणसालाच वाचायला द्या. त्याने नको म्हटलं तर छापू नका.